देणाऱ्या देशाचा हिशेब

१९५८च्या सप्टेंबरात पंडित नेहरू भूतानला निघाले, तेव्हा त्या देशात मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथुला ओलांडायची, तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरायचे आणि तिथून कधी घोड्यावर, कधी याकवर, कधी पायी चालत पारो गाठायचे, असा तो प्रवास. पंतप्रधानांचे वय ६८. सोबत इंदिरा गांधी होत्या. तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि तिचा सुमारे साडेसतरा कोटी रुपयांचा सगळा खर्च भारताने उचलला. त्याच वर्षी सीमा सडक संघटनेने भूतानसाठी ‘दंतक’ हा प्रकल्प उभा केला. फुन्शोलिंगहून थिंपूकडे डोंगर फोडत रस्ता निघाला. जिथे खेचरांच्या तांड्याला कित्येक दिवस लागत, तिथे ट्रक काही तासांत पोचू लागले.

हा खर्च करणारा भारत तेव्हा स्वतः ओढाताणीत होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या मध्यावर परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. पीएल-४८० कराराखाली अमेरिकेचा गहू बोटी भरून येत होता, आणि पुढे दुष्काळाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांपुढे लाल गहू आणि मिलो ज्वारीसाठी रांगा लागल्या. एका हाताने घेत असतानाच देश दुसऱ्या हाताने देत होता. श्रीमंत झाल्यावर दानधर्म, असा हा मामला कधीच नव्हता.

तेव्हापासून आजवर भारताने शेजाऱ्यांना रस्ते, धरणे, इस्पितळे बांधून दिली, लाखो परदेशी अधिकाऱ्यांना शिकवले, अब्जावधी डॉलरांची सवलतीची कर्जे दिली. पण या देण्याला आजही स्वतःचा कायदा नाही. स्वतंत्र संस्था नाही. कोणता प्रकल्प का फसला आणि कोणता का जमला, हे लोकांना सांगणारा वार्षिक अहवाल नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या अहवालात कामांच्या याद्या असतात, त्यांचे मूल्यमापन नसते. सत्तर वर्षे देणाऱ्या लोकशाही देशाला हे शोभत नाही, आणि त्याची किंमत आता घेणाऱ्यांबरोबर भारतालाही मोजावी लागते आहे.

सुरुवात नेपाळपासून झाली. १९५०च्या दशकापर्यंत काठमांडूच्या खोऱ्यात मोटारी होत्या, पण त्या आपल्या चाकांवर तिथे आलेल्या नव्हत्या. सत्ताधारी राणा घराण्याच्या मोटारी हमालांचे तांडे वासे बांधून, खांद्यावर घेऊन डोंगर चढवत. १९५३ ते १९५६ या काळात भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी त्रिभुवन राजपथ बांधला आणि रक्सौलच्या बाजूने आलेली गाडी प्रथमच काठमांडूत शिरली. १९५४ मध्ये तिथे भारताचे ‘इंडियन एड मिशन’ उघडले. बारा वर्षांनी त्याच्या नावातला ‘एड’ हा शब्द काढून ‘को-ऑपरेशन’ घालण्यात आले. मोठ्या शेजाऱ्याचा हात पाठीवर आहे की मानेवर, ही शंका नेपाळी माणसाच्या मनात तेव्हापासूनच होती आणि दिल्लीला ती कळत होती.

दरम्यान १९५० मध्ये कोलंबो इथे राष्ट्रकुलाच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरून कोलंबो योजना आकाराला आली होती. तिच्याखाली भारत शेजाऱ्यांना प्रशिक्षण देऊ लागला. मग १५ सप्टेंबर १९६४ रोजी मंत्रिमंडळाने ‘आयटेक’ला, म्हणजे भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमाला, मान्यता दिली. तिजोरीत पैसा नव्हता. मग होते तेच द्यायचे ठरले: अभियंते, लेखापाल, संख्याशास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी आणि त्यांना घडवणाऱ्या संस्थांचे वर्ग. आज १६०हून अधिक देशांतली माणसे या कार्यक्रमाखाली येतात. आजवर दोन लाखांहून अधिक जण शिकून गेले. भारताच्या सगळ्या मदतीत ही सर्वांत स्वस्त आणि, बहुधा, सर्वांत टिकाऊ मदत आहे. इथे शिकून गेलेला अधिकारी पुढे वीसतीस वर्षे आपल्या मंत्रालयात असतो, आणि भारतात कोणाला फोन करायचा हे त्याला ठाऊक असते.

पुण्याला हे वेगळे सांगायला नको. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मित्रदेशांचे छात्र वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने परराष्ट्र मंत्रालयाच्या वतीने देशोदेशी संगणक केंद्रे उभारली. घानाची राजधानी आक्रा इथले कोफी अन्नान यांच्या नावाचे केंद्र २००३ मध्ये सुरू झाले, ते त्यातलेच. पुण्याच्या महाविद्यालयांत तर एके काळी अफगाण विद्यार्थी इतके होते की कॅम्पात आणि कोंढव्यात दरी भाषा सहज कानी पडे. त्यातले बरेच जण भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेले. दर वर्षी एक हजार अफगाणांना ही शिष्यवृत्ती मिळत असे.

या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, ते मात्र वेदनादायक आहे. कोविडमध्ये महाविद्यालये बंद पडली तेव्हा त्यातले अनेक जण घरी गेले. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हाती पडले. दहा दिवसांनी भारताने अफगाणांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले आणि नव्या ई-व्हिसासाठी अर्ज करायला सांगितले. हातात भारतीय विद्यापीठाचा प्रवेश, अर्धी झालेली पदवी, भारत सरकारचे शिष्यवृत्तीचे पत्र, आणि परतीचा रस्ता बंद. मुलींच्या बाबतीत याचा अर्थ शिक्षण कायमचे संपणे असा होता. सुरक्षेची काळजी खरी होती, पण सरकारच्याच शिष्यवृत्तीवर असलेल्यांची यादी सरकारकडेच होती. त्यांच्यासाठी वेगळी खिडकी उघडणे अवघड नव्हते. शिष्यवृत्ती देणारे खाते एक आणि व्हिसा रद्द करणारे खाते दुसरे, म्हणून ती उघडली नाही. याच्या उलट, भारतीय लष्करी प्रबोधिन्यांतून बाहेर पडलेल्या ८० अफगाण छात्रांना परत जायला देशच उरला नाही, तेव्हा २०२२ मध्ये आयटेकखाली त्यांना वर्षभराचा इंग्रजीचा अभ्यासक्रम देऊन इथेच ठेवून घेण्यात आले. कोणीतरी मनावर घेतले, म्हणून मार्ग निघाला. मदत कोणाच्या तरी मनावर अवलंबून असणे, हेच तर दुखणे आहे.

मदतीच्या कारभाराला मोठे वळण मिळाले ते २००३ मध्ये. २८ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पी भाषणात जसवंत सिंह यांनी दोन गोष्टी एकदम सांगितल्या. थोडी मदत देणाऱ्या छोट्या भागीदारांकडून भारत यापुढे सरकारी मदत घेणार नाही. आणि भारत स्वतः विकसनशील देशांना देण्यासाठी नवा उपक्रम सुरू करेल, कर्जात बुडालेल्या गरीब देशांचे जुने देणे माफ करेल. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्सुनामी आली. तमिळनाडू आणि अंदमानात हजारो माणसे मेली, तरी भारताने परदेशी सरकारांची मदत नम्रपणे नाकारली आणि काही तासांत आपल्या युद्धनौका श्रीलंका आणि मालदीवकडे रवाना केल्या. घेणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर पडल्याचे ते जाहीर दर्शन होते.

नव्या उपक्रमाचा कणा ठरली ती ‘लाइन ऑफ क्रेडिट’, म्हणजे सवलतीच्या कर्जाची मर्यादा. तिचे काम कसे चालते, ते नीट पाहण्यासारखे आहे. समजा, इथिओपियाला साखर कारखाने उभारायचे आहेत. (खरेच उभारायचे होते. २००७ मध्ये भारताने त्यासाठी ६४ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले.) त्या सरकारचा अर्ज भारतीय दूतावासामार्फत दिल्लीला येतो. परराष्ट्र आणि अर्थ मंत्रालय होकार देतात. मग मुंबईतली एक्झिम बँक त्या सरकारशी करार करते. निविदा निघते ती भारतीय कंपन्यांपुरती. एकूण मालातला आणि सेवांतला साधारण ७५ टक्के हिस्सा भारतातला असावा लागतो. यंत्रे बोटीवर चढली, काम पुढे सरकले, की कंपनी बिल पाठवते आणि बँक कंपनीचे पैसे थेट चुकते करते. घेणाऱ्या देशाच्या तिजोरीत एक डॉलरही जात नाही. त्याच्या नावावर चढते ते कर्ज, पंधरा ते पंचवीस वर्षांत फेडायचे. बाजारातला व्याजदर आणि सवलतीचा दर यांतला फरक भारत सरकार बँकेला भरून देते, आणि कर्ज बुडाले तर हमीही सरकारचीच. अशी सुमारे तीनशे कर्जे साठहून अधिक देशांना दिली गेली आहेत. एकूण मंजूर रक्कम ३० अब्ज डॉलरांच्या घरात जाते.

यात गैर काही नाही. जपाननेही असेच केले, चीन आज करतोच आहे. पण या रचनेत एक धोका घट्ट बसलेला आहे. कर्ज घेणारा देश, काम करणारी कंपनी आणि पैसे देणारी बँक असे तिघे यात आहेत, आणि तिघांपैकी कोणीही कामाच्या दर्जाबद्दल लोकांसमोर उत्तर द्यायला बांधील नाही. इथिओपियाचा तेंडाहो कारखाना ठरल्या वेळेपेक्षा कित्येक वर्षे रखडला. ज्या राज्याने सहकारी साखर कारखानदारी उभी केली, त्या महाराष्ट्रातल्या जाणकारांना विचारले असते तर ऊस, पाणी आणि गाळप यांचे गणित आधी जुळवा, मग यंत्रे मागवा, असे कोणीही सांगितले असते. बांगलादेशाला २०१० ते २०१७ दरम्यान सात अब्ज डॉलरांहून अधिक कर्जे जाहीर झाली, अवघ्या एक टक्का व्याजाने. त्यांतला प्रत्यक्ष खर्च झालेला भाग निम्म्याहूनही बराच कमी राहिला. संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने या रेंगाळण्यावर पुन:पुन्हा बोट ठेवले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि भारतीय कंत्राटदारांची माणसे कामे टाकून परतली. ती कामे वेळेत झाली असती, तर रोज त्या रस्त्यावरून जाणाऱ्या बांगलादेशी माणसाच्या मनात भारताबद्दल काहीतरी चांगले शिल्लक राहिले असते.

असे असले तरी भारताला शिकता येत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्रीलंकेतले यादवी युद्ध २००९ मध्ये संपल्यावर भारताने तमिळ विस्थापितांना ५० हजार घरे देण्याचे ठरवले. पहिली हजार घरे कंत्राटदारांकडून बांधून घेतली. मग पद्धत बदलली. घराचा मालकच बांधकामाचाही मालक. पाया झाला की एक हप्ता, भिंती उभ्या राहिल्या की दुसरा, छप्पर चढले की पुढचा, असे प्रत्येकी साडेपाच लाख श्रीलंकन रुपये थेट कुटुंबाच्या बँक खात्यात. खिडकी कुठे ठेवायची, शेगडी कुठे मांडायची, हे घरातल्या बाईने ठरवायचे. सुमारे ४५ हजार घरे अशी झाली. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळच्या गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांत भारताने ५० हजार घरांना मदत केली तेव्हा हीच वाट धरली, आणि तांत्रिक सल्ल्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना सोबत घेतले. मराठवाड्यातल्या वाचकाला यातले मर्म लगेच कळेल. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवून दिली गेली, आणि इतर असंख्य गावांत लोकांनी हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन आपली घरे स्वतः दुरुस्त, मजबूत केली. शेतापासून तुटलेल्या आखीव वसाहतींपेक्षा माणसाने स्वतः उभारलेल्या घरात त्याचा जीव अधिक रमतो, हा धडा श्रीलंकेच्या जाफन्यातही खरा ठरला.

हा धडा पुढच्या कामाला लागला, पण तो कोणत्याही जाहीर कागदावर उतरला नाही. मदतीचा कारभार पाहण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयात ‘डेव्हलपमेंट पार्टनरशिप ॲडमिनिस्ट्रेशन’ हा विभाग जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाला, म्हणजे नेहरूंच्या त्या भूतान प्रवासानंतर अर्ध्या शतकाने. त्याआधी २००७च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी स्वतंत्र विकास सहकार्य संस्थेची घोषणा केली होती. ती कागदावरच राहिली. २०१२चा विभाग हे पुढचे पाऊल होते, यात शंका नाही. पण तो चालवतात परराष्ट्र सेवेतले अधिकारी. तीन वर्षे दिल्लीत, मग ब्रासिलियाला किंवा बर्लिनला. धरणाचा खडक, निविदेतली कलमे, जमिनीचे संपादन यांत मुरायला जेवढी वर्षे लागतात, तेवढी एका खुर्चीत कोणाला मिळत नाहीत. आणि सगळी मदत या विभागातून जातही नाही. व्याजाचा फरक अर्थ मंत्रालय भरते, शिष्यवृत्त्या सांस्कृतिक परिषद देते, छात्र संरक्षण मंत्रालयाच्या संस्थांत शिकतात, लशींमध्ये आरोग्य मंत्रालयाचा शब्द चालतो. भारताने एका वर्षात जगाला एकूण किती दिले, हा आकडा एका पानावर कुठेच सापडत नाही.

भूतानचे पुनात्सांगछू-१ हे धरण या उणिवेचे सर्वांत महागडे उदाहरण आहे. त्याआधीचा चुखा प्रकल्प म्हणजे भारतीय मदतीचा आदर्श नमुना. ३३६ मेगावॉट, खर्चाचा ६० टक्के भाग अनुदान, ४० टक्के कर्ज ५ टक्के व्याजाने. १९८०च्या दशकात वीज सुरू झाली, जास्तीची वीज भारताने विकत घेतली आणि भूतानला उत्पन्नाचा भक्कम आधार मिळाला. मग अनुदानाचा वाटा आकसत गेला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मांगदेछूत तो ३० टक्क्यांवर आला, व्याज १० टक्क्यांवर गेले. पुनात्सांगछू-१चे काम २००८ मध्ये सुरू झाले, सुमारे साडेतीन हजार कोटींच्या अंदाजाने. २०१३ मध्ये उजव्या तीरावरचा डोंगर घसरला आणि धरण अडले. खर्च नऊ हजार कोटींच्या पुढे गेला. या काळात व्याज मात्र थांबले नाही. सव्वासात-साडेसात लाख लोकसंख्येच्या देशाच्या बाह्य कर्जाचा फार मोठा भाग भारताच्या जलविद्युत कर्जांचा आहे. जागा कोणी निवडली, भूगर्भतज्ज्ञांनी काय सांगितले होते, ते कोणी ऐकले नाही, याचा जाहीर खुलासा भारतीय करदात्यालाही मिळालेला नाही आणि भूतानी शेतकऱ्यालाही नाही.

लशींचे प्रकरण तर पुण्याशीच जोडलेले. २० जानेवारी २०२१ रोजी सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशील्डच्या भेटी मुंबईहून भूतान आणि मालदीवला निघाल्या. जगातले श्रीमंत देश साठे करत होते, तेव्हा भारताने हे केले, आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. भूतानला एकूण साडेपाच लाख मात्रा मिळाल्या. मार्चच्या शेवटी मोहीम सुरू करून त्या देशाने जेमतेम दोन आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक पात्र प्रौढांना पहिला डोस दिला. दुसऱ्याची वेळ आली तेव्हा भारतात दुसरी लाट होती, प्राणवायूअभावी माणसे मरत होती आणि निर्यात थांबली होती. भूतानला अखेर जुलैत अमेरिका आणि डेन्मार्ककडून डोस घ्यावे लागले. नेपाळने २० लाख मात्रांचे पैसे भरले होते, हाती आल्या निम्म्या. तिथले वृद्ध पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहत बसले. आपली माणसे मरत असताना निर्यात थांबवणे योग्यच होते. चूक त्याआधी झाली. पहिला डोस देताना दुसऱ्याचा साठा बाजूला काढून ठेवायचा, एवढा साधा नियम कोणत्या खात्याने करायचा, हेच ठरलेले नव्हते.

इतर देशांनी ही घडी बसवली ती ठेचा खाऊनच. जपानचे उदाहरण मुंबईकराने तरी पाहावे. अटल सेतू आणि भुयारी मेट्रो-३ यांच्यामागे जपानच्या ‘जायका’चे कर्ज आहे, मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनला ५० वर्षांच्या मुदतीने ०.१ टक्के व्याजाचे. जपान १९५४ मध्ये कोलंबो योजनेत आला आणि १९५८ मध्ये त्याने पहिले येन कर्ज दिले ते भारताला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, त्याने स्वतःच्या शिन्कान्सेनसाठी जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलर उसने घेतले. जागतिक बँकेच्या सगळ्या कर्जांचा शेवटचा हप्ता फिटला १९९० मध्ये. घेता घेता देणे जपाननेही केले आहे. १९८६ मध्ये फिलिपीन्समध्ये मार्कोस यांची सत्ता कोसळली आणि त्यांच्या कागदपत्रांतून जपानी कर्जांच्या कंत्राटांत दिलेल्या दलालीचे तपशील बाहेर आले. जपानी संसदेत गदारोळ झाला. त्यातून, वेळ लागून का होईना, १९९२ची मदतविषयक सनद आली, मदतीवर दर वर्षी श्वेतपत्रिका निघत राहिली, आणि २००८ मध्ये विखुरलेली कामे एकत्र आणून नवी जायका उभी राहिली. आज जायका आपल्या मोठ्या प्रकल्पाचे काम संपल्यानंतर स्वतंत्र मूल्यमापन करून घेते आणि त्याचे गुण जाहीर करते, वाईट पडले तरी. दक्षिण कोरियाने तर एकाच पिढीत मदत घेणारा ते देणारा हा प्रवास केला आणि २०१० मध्ये विकास सहकार्याचा मूलभूत कायदाच लागू केला.

ब्रिटनची कहाणी अधिक बोलकी आहे. मलेशियातल्या पेरगाव धरणाला मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने २३ कोटी पौंडांहून अधिक मदत कबूल केली. या मदतीची शस्त्रविक्रीशी सांगड घातली गेली होती. मदत खात्याचे सर्वोच्च अधिकारी टिम लँकेस्टर यांनी हा पैशाचा अपव्यय आहे असा लेखी आक्षेप नोंदवला, तो डावलला गेला. मग एक स्वयंसेवी संस्था न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. हे शक्य झाले, कारण मदत कशासाठी द्यायची हे सांगणारा कायदा ब्रिटनमध्ये होता. २००२च्या नव्या कायद्याने गरिबी हटवणे हाच मदतीचा हेतू, असे आणखी ठासून सांगितले. भारतात पुनात्सांगछूवरून कोणी न्यायालयात जायचे म्हटले, तर कोणत्या कलमावर बोट ठेवणार?

कायदा झाला की सगळे सुरळीत होते, असे नाही. ब्रिटनने २०२० मध्ये आपले मदत खाते परराष्ट्र खात्यात विलीन केले आणि उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचे कायद्यातले वचनही खाली आणले. अमेरिकेची १९६१ मध्ये जन्मलेली यूएसएड १ जुलै २०२५ पासून स्वतंत्र संस्था म्हणून उरलीच नाही. परराष्ट्र मंत्रालयातले काही जण यावरून म्हणतील, की मग आमची लवचीक पद्धत काय वाईट? स्वतंत्र संस्था आली की राजदूताच्या हातातले साधन जाईल, निर्णय मंदावतील. या आक्षेपात तथ्य आहे. आपत्तीच्या वेळी काही तासांत निर्णय घेण्याची ताकद मंत्रालयाकडे राहिलीच पाहिजे. पण धरण, रेल्वे, इस्पितळ ही काही तासांतली कामे नव्हेत. तिथे घाईने फायदा झालेला नाही आणि लवचीकतेने वेळ वाचलेला नाही.

दुसरा आक्षेप सामान्य वाचकाचा, आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. विदर्भातला शेतकरी कर्जात असताना परदेशाला पैसे कशाला? २०२५-२६च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाकडे परदेशी विकास भागीदारीसाठी ६,७५० कोटी रुपये होते. सरकारच्या एकूण खर्चात हे प्रमाण शंभर रुपयांत तेरा पैसे पडते. त्यातले निम्म्याहून अधिक शेजाऱ्यांना, एकट्या भूतानला २,१५० कोटी. शेजारी स्थिर राहिला तर सीमेवरचा खर्च वाचतो, त्याची वीज आपल्याला मिळते, आपल्या कारखान्यांना ऑर्डरी मिळतात. रक्कम डोईजड नाही. पण तेरा पैशांचाही हिशेब मागण्याचा हक्क त्या शेतकऱ्याला आहे, आणि तो हिशेब मिळाला तर आक्षेपाची धार आपोआप बोथट होईल.

म्हणून मागणी नेमकी असावी. संसदेने विकास सहकार्याचा एक छोटा कायदा करावा. मदतीचा हेतू त्यात लिहिलेला असावा. सगळ्या खात्यांची मदत दर अर्थसंकल्पाबरोबर एका विवरणात मांडणे बंधनकारक असावे. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक प्रकल्पाचे, तो सुरू झाल्यानंतर तीन वर्षांच्या आत, बाहेरच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन व्हावे आणि ते दोन्ही देशांच्या भाषांत प्रसिद्ध व्हावे. प्रकल्प चालवायला अभियंते, अर्थतज्ज्ञ, लेखापरीक्षक यांचा कायमचा ताफा असलेली संस्था परराष्ट्र मंत्रालयाच्या धोरणाखाली पण त्याच्या बदल्यांच्या चक्राबाहेर असावी. शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण पूर्ण होईपर्यंतचे संरक्षण हेही त्या कायद्याचे एक कलम असावे.

हे आत्ताच करण्याचे कारण मुंबईच्या औषध कारखान्यांत सापडेल. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तिहेरी औषधे माणशी वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली, तेव्हा बाजारभाव दहा हजारांच्या पुढे होता. त्यानंतर अमेरिकेच्या पैशाने आफ्रिकेत वाटलेल्या या औषधांचा मोठा भाग भारतात तयार झाला. औषध भारताचे, पैसा अमेरिकेचा, रुग्ण आफ्रिकेचा, अशी ही साखळी जवळपास दोन दशके चालली. आता अमेरिकेने हात आखडता घेतला आहे. भारताच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सगळ्या आफ्रिकी देशांसाठी मिळून २२५ कोटी रुपयांचे अनुदान होते, एकट्या मालदीवसाठी ६०० कोटी. या साखळीतला काही भार भारताने उचलायचा ठरवला, तर औषध खरेदी वाणिज्य मंत्रालयाने करायची की आरोग्य मंत्रालयाने, पैसा अनुदानातून द्यायचा की एक्झिम बँकेच्या कर्जातून, आणि पुढची दहा वर्षे पुरवठा तुटणार नाही याची हमी कोण देणार, हे प्रश्न पहिल्याच बैठकीत उभे राहतील. रोज गोळी घ्यावी लागणाऱ्या रुग्णाला अर्धवट पुरवठा दिला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. भूतानच्या दुसऱ्या डोससारखी वेळ इथे येऊन चालणार नाही. संसदेच्या स्थायी समितीने परराष्ट्र मंत्रालयाच्या पुढच्या अनुदान मागण्यांवर चर्चा करताना याच प्रश्नापासून सुरुवात करावी आणि उत्तर लेखी मागावे.